उंबराखालची पाहुणी

हिंमतराव पाटील नदीवर निघाले की त्यांच्या खांद्यावर गळाच्या दोन काठ्या असत. वर्ष होत आलं, एक काठी पाण्यावर धरलेली असायची आणि दुसरी उंबराच्या बुंध्याला टेकून नुसती उभी. ऊन चढलं की दोन्ही पुन्हा खांद्यावर आणि पाटील घराकडे.

गावात याची चेष्टा झाली नसती तरच नवल. गुजराचं घर, बायको माळकरी, चातुर्मासात तर घरात कांदा-लसणालासुद्धा बंदी, आणि घरचा कर्ता पुरुष जन्मभर गळ टाकून बसलेला. 'बाईच्या गळ्यात माळ, बुवाच्या हाती गळ' असं गावानं खास त्यांच्यासाठी जुळवून ठेवलं होतं. आता दुसरी काठी दिसायला लागल्यावर लोक म्हणायचे, पाटलाची हाव म्हातारपणी दुप्पट झाली.

"कोनी वाट दखी ऱ्हायनात बाबा?" केळीचे घड भरायला आलेला एखादा मजूर काठावरून विचारायचा.

"कोनी नही," हिंमतराव म्हणायचे आणि नजर परत पाण्यावर लावायचे.

धादांत खोटं. वाट ते बघत होते अजीज पिंजाऱ्याची, आणि इतकी की केळीच्या बागेतून कोणाच्या चपलेचा आवाज आला तरी मान वळायची. पण नदीवर ज्याची इच्छा आहे त्याचं नाव घ्यायचं नाही, हा नियम होता. लहानपणी तराफ्यावरून माणसं पलीकडे सोडणाऱ्या आमशा भिलानं तो दोघा पोरांना घालून दिला होता. नदीवर ज्याचं नाव घेशील ते हातचं जाईल, असं तो म्हणायचा. रोहू हवा असेल तर रोहू म्हणू नकोस, मरळ हवी असेल तर मरळ म्हणू नकोस, गुमान बस. आमशा गेला, तराफा गेला, खाली बॅरेज होऊन नदीचं वाहतं पाणी तुंबलं आणि वाळूतल्या टरबुजाच्या वाड्या बुडाल्या, पण नियम राहिला. हिंमतरावांनी वर्षभर नदीवर अजीजचं नाव काढलं नव्हतं. नाव काढलं आणि तो कायमचा गेला तर काय करायचं?

या दोघांची गाठ पडली ती कापसामुळे. अजीजचा बाप दर हिवाळ्यात शहाद्याहून पिंजण खांद्यावर टाकून यायचा आणि हिंमतरावांच्या ओसरीत कापूस पिंजायला बसायचा. दिवसभर त्या पिंजणाच्या तातीचा टणत्कार चालायचा, घरभर पांढरा भुगा उडायचा, आणि पोरं खोकायला लागली की कोणीतरी मोठं माणूस ओरडायचं, "जा रे, नदीवर जा!" तसे दोघं नदीवर गेले. अजीजनं टाचणी वाकवून गळ केला. हिंमतनं आईच्या परातीतून कणकेचा गोळा पळवला. पहिला मासा करंगळीएवढा होता. तो हातात वळवळला तेव्हा हिंमतच्या अंगावर काटा आला, आणि ते जे काही होतं ते पुन्हा एकदा अंगावर यावं म्हणून माणूस म्हातारा होईपर्यंत नदीवर जात राहिला.

त्या वयात एक मासा मिळाला तरी जग जिंकल्यासारखं वाटायचं. मिसरूड फुटल्यावर एकानं भागेना, झोळी भरली पाहिजे असं वाटू लागलं. संख्या सांगितली की गावातली पोरं वचकून असत. लग्न झालं, बागायत वाढली, तेव्हा लहान माशांची लाज वाटायला लागली. मोठा हवा. कोपरापेक्षा छोटा असला तर परत. मग केस पिकले आणि मोठेपणाचंही काही वाटेना. एकच मासा मनात घर करून बसला, खडस. जाड ओठांचा, रुपयाएवढ्या पिवळट खवल्यांचा, वाहत्या पाण्याचा मासा. बॅरेज झाल्यापासून दिसेनासा झालेला. नाल्याचं पाणी जिथं नदीत उतरतं तिथं काठावर एक उंबर होता. त्याची पिकली फळं पाण्यात टपटपायची आणि कधीमधी तिथं पाण्याला असा काही हिसका बसायचा की दोघं एकमेकांकडे बघायचे. नाव तर घ्यायचं नाही. म्हणून तिला म्हणायचे पाहुणी.

कामाची वाटणीही ठरून गेली होती. गळाला लावायचं ते कणकेचा हिंग घातलेला गोळा नाहीतर उंबर; गांडुळाला पाटील हात लावत नसत. काठ्या दोघांच्या पाण्यावर असत, पण मासा ओढायचं काम हिंमतरावांचं. मासा काठाशी आला की पाण्यात उतरायचं, तो धरायचा, गळ सोडवायचा, दगडावर एक टोला द्यायचा आणि पिशवीत घालून चांदबीला नेऊन द्यायचा, हे अजीजचं. बदल्यात सरलाबाईंनी बांधून दिलेली कळण्याची भाकर आणि ठेचा अजीज मिटक्या मारत खायचा. "धरानं पाप मन्हं, मारानं पाप तुन्हं," हिंमतराव हसून म्हणायचे, "आनि खावानं पुन्य वहिनीनं." जन्मात एकदा त्यांनी विचारलं होतं, मासा चवीला लागतो तरी कसा रे?

"चांदबीले इचार," अजीज म्हणाला होता.

त्यांनी काही विचारलं नाही. गुजराच्या पाटलानं पिंजाऱ्याच्या घरी जाऊन, वहिनी मासा कसा लागतो, असं विचारायचं म्हणजे जरा अतीच झालं असतं.

*

अजीज यायचा बंद झाला तो गेल्या माघातल्या एका सकाळपासून.

त्या हिवाळ्यात त्याचं काहीतरी बिनसलेलं होतं. एरवी गुणगुणणारा माणूस गप्प असायचा. एक दिवसाआड येणारा रोज यायला लागला होता, आणि दोनतीनदा म्हणाला होता, "पाटील, औंदा पाहुनी भेटाले पाह्यजे."

"भेटी, भेटी. नदी काय पयी जाई ऱ्हायनी का?" हिंमतराव म्हणाले होते.

त्यांना स्वतःला आता घाई उरली नव्हती. खरं सांगायचं तर मासा मिळाला काय, न मिळाला काय, असं व्हायला लागलं होतं. गळाच्या दोरीला बांधलेली मोरपिसाची दांडी पाण्यावर थरथरते आणि आत काय आहे ते अजून कळलेलं नसतं, तेवढा क्षण त्यांना पुरायचा. त्यापुढचं सगळं नकोसं वाटायचं. दगडावरचा तो टोला ऐकताना आताशा ते तोंड फिरवायचे. हे त्यांनी अजीजला कधी सांगितलं नाही. जन्मभर टोला देणाऱ्याला काय सांगायचं?

आणि पाहुणी आली. उंबराचं फळ तोंडात धरून तिनं जी ओढ दिली, तिनं पाटलांचे खांदे भरून आले. बराच वेळ ती नदी आणि हा माणूस यांच्यात ओढाओढ झाली. शेवटी पाहुणी थकून काठाशी आली. अजीज विजार गुडघ्यावर दुमडून पाण्यात उभा होता, दोन्ही हात पाण्याखाली पसरून. हिंमतराव काठी टाकून खाली उतरले. सकाळच्या उन्हात ते पिवळे खवले, तांबूस कल्ल्यांची उघडझाप, तो जाड म्हातारा ओठ आणि त्यात आपला गळ. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी स्वतःच्या हातानं गळ सोडवला.

"पाहुनी शे रे. जाऊ दे तिले," ते म्हणाले आणि तिला हलकेच पाण्यात ढकललं.

ती गेली. अजीजचे हात पाण्याखाली तसेच पसरलेले राहिले. मग तो बाहेर आला, पाय पुसले, चपला घातल्या आणि चालता झाला. त्याची काठी उंबराशीच राहिली.

त्यानंतर काही आठवड्यांनी चांदबी गेली. हिंमतराव मातीला गेले, मूठभर माती टाकली. अजीजनं हात हातात घेतला, पण डोळे वर केले नाहीत. नंतरही ते शहाद्याला दोनदा दुकानात जाऊन बसले. अजीज पावसाचं बोलला, कापसाच्या भावाचं बोलला, चहा पाजला. नदीचा शब्द नाही. हिंमतरावांनी मनाची समजूत घातली की दुःख ताजं आहे, पावसाळ्यानंतर येईल. पावसाळा गेला. मग दिवाळीनंतर येईल. दिवाळी गेली. बायको गेल्यावर माणूस मित्राकडे जातो, मित्रापासून लांब जात नाही, एवढं त्यांना कळत होतं. पण आपलं काय चुकलं ते काही केल्या कळत नव्हतं. मासा सोडला म्हणून? एका माशापायी कोणी सगळा जन्म मोडून टाकतं का?

सरलाबाई एकदा म्हणाल्या, "अजीजभाऊले सरय इचारी काब्र लेतस नही?"

सरळ विचारायचं! नदीवर बसणाऱ्या दोन माणसांनी एकमेकांना सरळ कधी काही विचारलं असतं तर आणखी काय हवं होतं.

*

शेवटी या हिवाळ्यात त्यांनी एक जुनी रजई काखोटीला मारली आणि ती पिंजून आणायच्या निमित्तानं शहाद्याला गेले. दुकानात आता पिंजण नव्हती. अजीजच्या मुलानं, सकलैननं, यंत्र बसवलं होतं. तो माल आणायला सुरतेला गेला होता आणि अजीज नमाजाला. सून आफशीननं त्यांना खुर्ची दिली. ती नवापूरची, मराठी शाळेत शिकलेली, बोलायला मोकळी.

"चाचा, तुम्ही अजून नदीवर जाता ना?" तिनं चहा पुढे करत विचारलं. "अब्बांना कितीदा म्हटलं, जा, मन रमेल. ऐकतच नाहीत. म्हणतात, नदीत आता राहिलंच काय."

"आसं म्हनस तो?"

"अम्मींच्या वेळेपासूनच म्हणतात. अम्मी उकाईकडच्या ना, लहानपणापासून तापीची मासळी खाल्लेली. शेवटी शेवटी अन्नावरची वासनाच उडाली होती, पण एकच सारखं म्हणायच्या, खडस खायचीय. त्यांच्या आई करायच्या तशी, चिंच घालून. अब्बा रोज त्यांना सांगून निघायचे, हिंमत आहे ना, तो आणणार. मग एक दिवस आले आणि म्हणाले, नाही मिळणार आता, नदीत उरलीच नाही. अम्मी म्हणाल्या, राहू दे मग."

हिंमतरावांनी कप खाली ठेवला.

अजीजनं घरी सांगितलं नव्हतं. पाटलानं हातात आलेली सोडून दिली, असं एका शब्दानं बोलला नव्हता. नदीवर दोष ढकलला होता. आणि नदीवर? नदीवर तो नाव घेऊन मागणार कसा? मागितलं असतं तर मिळाली नसती, या भीतीनं तो त्या सगळ्या सकाळी जीभ चावून बसला असेल. पाहुणी भेटायला पाहिजे, एवढंच म्हणत राहिला, आणि शेजारी बसलेल्या शहाण्याला काही कळलं नाही. त्या पाण्याखाली पसरलेल्या हातांकडे आपण बघितलंसुद्धा नाही, हे हिंमतरावांना आता त्या खुर्चीत बसून दिसलं.

"चाचा, अब्बा येतीलच एवढ्यात."

"येस मी मंग," ते म्हणाले आणि अजीज यायच्या आत उठून गेले. रजई तिथंच राहिली.

*

त्या दिवसापासून पाटलांना हाव सुटली. ज्या हावेतून आपण सुटलो असं त्यांना वाटत होतं, ती व्याजासकट परत आली. आता संख्या नको होती, मोठेपणा नको होता, मोरपिसाची थरथर नको होती. मासा हवा होता. कोणाच्या तरी चुलीवर जाईल असा, हातात धरता येईल असा मासा. आयुष्यात इतक्या गरजेनं ते नदीवर कधी बसले नव्हते. चिलाप्या लागत, त्या ते चिडून परत टाकत. रोहू लागला, परत. आपण वेडेपणा करतोय हे कळत होतं. चांदबी कबरीत होती, खडस घेऊन काय तिला दाखवायची होती? पण अजीजच्या दारात रिकाम्या हातानं जायचं त्यांना धाडस नव्हतं.

एका सकाळी उंबराखाली हिसका बसला.

ही गेल्या वर्षीची नव्हती. हातभर लांबीची, तरुण. पण खवले तेच, ओठ तोच. हिंमतराव कपड्यांनिशी पाण्यात उतरले, कमरेइतक्या पाण्यात धडपडले, तिला धोतराच्या सोग्यात गुंडाळून काठावर आले आणि मग त्यांच्या लक्षात आलं की आता टोला द्यायचा असतो. दगड समोर होता. त्यांनी माशाकडे बघितलं, दगडाकडे बघितलं. छे. हातानं होईना.

मग तिला काठच्या दगडांमधल्या डबक्यात ठेवून त्यांनी गोठ्यातली मोठी बादली आणली. ती नदीच्या पाण्यानं भरून, मासा आत सोडून, दोन्ही हातांनी उचलत पाटील गावातून रस्त्याला निघाले, ओले चिंब. वाटेत सरलाबाई आडव्या आल्या.

"काय शे त्यामा?"

"पानी."

"पानी उड्या मारस का?"

सरलाबाईंनी बादलीत डोकावलं, नवऱ्याच्या तोंडाकडे बघितलं आणि त्यांना जे समजायचं ते समजलं. "ती बादली परत मन्हा घरमा आनू नका," त्या म्हणाल्या. मग नवऱ्याच्या खांद्यावरचा पंचा ओढून, ओला करून, त्यांनी स्वतः बादलीच्या तोंडावर बांधला. माळ मात्र आधी पदराआड सारली होती.

फुलसिंगची काळीपिवळी जीप शहाद्याला निघतच होती. फुलसिंग म्हणाला, बादली टपावर टाकतो. हिंमतराव म्हणाले, नाही, माझ्या मांडीवर. कोंबून कोंबून भरलेल्या त्या गाडीत त्यांना जागा मिळाली ती नेमकी भजनी मंडळाच्या सुगंधाबाईंच्या शेजारी.

"दूध शे का हिंमतभाऊ?" सुगंधाबाईंनी विचारलं.

तेवढ्यात गाडी खड्ड्यात गेली, पंचा सुटला, आणि पाहुणीनं शेपटी मारून सुगंधाबाईंच्या नव्या लुगड्यावर तापीचं पाणी उडवलं.

"राम राम राम राम!" सुगंधाबाई खिडकीला जाऊन चिकटल्या. सगळ्या माना बादलीकडे वळल्या. गावचा पाटील, गुजराचं घर, आणि मांडीवर मासा. आजवर सगळ्यांना सगळं माहीत होतं, पण कोणी डोळ्यांनी बघितलं नव्हतं. मासा नदीवरून परस्पर अजीजच्या पिशवीतून जायचा, म्हणून पाटलाची पाटिलकी शाबूत होती.

"मासा शे वहिनी," हिंमतराव म्हणाले. "जित्ता शे."

"कोनासाठे?"

"अजीजसाठे." गाडीत नाव घ्यायला बंदी नव्हती. वर्षभर दाबून ठेवलेलं नाव तोंडातून निघालं तसं त्यांना एकदम हलकं वाटलं, आणि ते पुन्हा म्हणाले, जरा मोठ्यानं, "मन्हा दोस्तसाठे."

वाटेत एका हापशीवर फुलसिंगनं न सांगता गाडी थांबवली आणि बादलीतलं निम्मं पाणी बदलून दिलं. कोणी कुरकुर केली नाही. सुगंधाबाईसुद्धा नंतर हळूच डोकावून बघत होत्या, ती हलतेय की नाही.

*

अजीज दुकानाच्या ओट्यावर गादी शिवत बसला होता. हातात दाभण, दाढीत कापसाचा भुगा. बादली समोर आली तसा तो थांबला.

"काय शे?"

"पाहुनी."

अजीजनं पंचा उचलून आत बघितलं. बराच वेळ तो वाकून बघत राहिला. मग त्यानं मान वर केली.

"आते?" तो म्हणाला. "आते आनी का, पाटील?"

"माले माहीत नव्हतं रे. आफशीननी सांगं. तू काब्र नही सांगं?"

"नदीवर नाव लेता येस का?"

"मंग घरमा सांगतास. रस्तावर सांगतास."

"रस्तावर आपू कधय बोलनूत? आपलं सगळं बोलनं नदीवरच." अजीजनं दाभण गादीत खुपसली. त्याचा आवाज चढला. "मी पानीमा हात पसरीसन उभा व्हतू. तू मन्हाकडे दखं बी नही. तूच धरी नि तूच सोडी दिन्ही. घर जाईसन तिले काय सांगू मी? पाटीलले दया उनी? माशानी दया उनी नि तुन्ही नही?"

खरं होतं ते. हिंमतरावांनी नुसती मान हलवली आणि ओट्याच्या पायरीवर बसून घेतलं. रस्त्यावरून एक टेम्पो गेला, धूळ उडाली. अजीजनं बादलीवर पंचा ओढला, धूळ आत जाऊ नये म्हणून.

"वहिनी नही," शेवटी हिंमतराव म्हणाले. "माले समजस. पन तू तं शे. तू खाय. तिन्हा नावनी खाय."

"मी?" अजीज त्यांच्याकडे बघतच राहिला. "पाटील, मी मासा खास कोठे?"

"म्हंजे?"

"ल्हानपने गळामा काटा अडकना व्हता. तवपाईन मासाना वास बी माले सहन व्हस नही. घरमा चांदबी रांधे, चांदबी नि सकलैन खायेत. मी तं तुन्हा घरनी भाकर खाईसनच येऊ."

हिंमतरावांच्या डोक्यात हे नीट शिरायला वेळ लागला. सगळ्या नदीकाठाला वाटायचं, अजीज माशासाठी येतो. त्यांनाही तसंच वाटायचं. तो टोला देणारा हात, ती पिशवी, ती घाई.

"मंग इतला साल कसाले येत व्हता रे तू?"

"तू कसाले येत व्हता?" अजीज म्हणाला. "तू तं माळकरीनना नवरा."

आधी हिंमतरावांच्या तोंडून कसलासा आवाज निघाला. मग अजीजच्या. हसताहेत की रडताहेत ते दोघांनाही कळेना. अजीज हातानं डोळे पुसत होता आणि कापसाचा भुगा गालाला चिकटत होता. भांडण झालं की काय म्हणून आफशीन धावत बाहेर आली आणि दोन म्हाताऱ्यांना बघून दारातच थांबली. दोन माणसं, एक पिंजारी, एक गुजर, जन्मभर मासे धरत बसली, आणि दोघांपैकी कोणीच मासा खाणारा नव्हता.

बादलीत पाणी डचमळलं. एकदा, आणि मग जरा हळू.

"ही मरी जाई," अजीज म्हणाला आणि चपला शोधायला लागला.

*

फुलसिंगच्या परतीच्या खेपेला बादली अजीजच्या मांडीवर होती. केळीच्या बागेतून दोघांनी ती दोन्हीकडून धरून नेली. उंबराखाली अजीजनं विजार गुडघ्यावर दुमडली, पाण्यात उतरला, पाहुणीला दोन्ही हातांवर घेतलं आणि वाहत्या नाल्याकडे तोंड करून तिला तशीच धरून ठेवलं. ती एका कुशीवर कलत होती. तो तिला पुन्हा पुन्हा सरळ करत होता.

"चांदबीना वाटानी शे ही," तो हळूच म्हणाला. हिंमतरावांना म्हणाला की नदीला, कोण जाणे. "तिनी सोडी. तू नही."

कल्ले जोरानं हलायला लागले. मग हात रिकामे झाले. ते तसेच थोडा वेळ पाण्याखाली राहिले, आणि या वेळी हिंमतराव त्या हातांकडे बघत उभे होते.

अजीज बाहेर आला, पाय पुसायला लागला. आता तो चपला घालील आणि केळीतून निघून जाईल, गेल्या वर्षी गेला तसा. पाहुणी परत करायची होती म्हणून तो आला होता, ते काम झालं. उद्या येईल? परवा? की पुन्हा वर्षभर दोन काठ्या न्यायच्या आणि कोणी विचारलं तर कोणी नाही म्हणायचं? आमशा भिल आठवला. नाव घेशील ते हातचं जाईल. पण नाव न घेता जे हातचं गेलं होतं, ते काय थोडं होतं?

"अजीज," ते म्हणाले. नदीवर, मोठ्यानं. "सकाय येजो."

अजीज चमकला. त्यानं पाण्याकडे बघितलं, मग त्यांच्याकडे. "नदीवर मांगानं नही, पाटील."

"मांगी ऱ्हायनू मी."

एक चप्पल पायात, एक हातात, असा अजीज उभा राहिला. वरून एक पिकलं उंबर पाण्यात पडलं. मग त्याची नजर बुंध्याला टेकलेल्या काठीवर गेली. तो जवळ गेला, काठी हातात घेऊन तोलून बघितली, दोरी उलगडली, टोकाचा गळ चिमटीत धरून डोळ्यांजवळ नेला. अंगठ्याला तांबडा गंज लागला.

"गळ पार सडी गया रे," तो म्हणाला. "ऱ्हाऊ दे. सकाय येताना नवा लई येसू."